बारा फोटोंचा रोल

मुलांनो, आज मी तुम्हाला माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. वर्गात तुमच्या चुका लाल पेनने दाखवणं हे आम्हा बाईंचं रोजचंच काम. मग कधीतरी बाईंचीही चूक तुम्हाला कळायला हवी, नाही का?

मी तेव्हा चौथीत होते. मुलुंडला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबांकडे एक काळा, डब्यासारखा कॅमेरा होता. अॅग्फा कंपनीचा क्लिक थ्री. त्यात रंगीत रोल घातला तर महाग पडायचा, म्हणून बाबा काळ्या-पांढऱ्या फोटोंचा, म्हणजे कृष्णधवल रोल घालायचे. एका रोलमध्ये फोटो किती? फक्त बारा! आज मोबाईलवर तुम्ही एका वाढदिवसाला दोनशे फोटो काढता. आमच्याकडे बारा फोटोंचा रोल महिनाभर पुरवायचा असायचा.

मे महिन्यात आजी चिपळूणहून आली होती. बाबांनी तो अख्खा रोल आजीसाठीच ठेवला होता. आजी सुपात तांदूळ निवडताना, आजी तुळशीला पाणी घालताना, आजी माझी वेणी घालताना. पण कॅमेरा दिसला की आजी एकदम ताठ व्हायची आणि तोंड गप्प मिटून घ्यायची. पुढचे दोन दात पडले होते ना! एकदा मात्र कॅरम खेळताना मी राणी घालवली आणि आजी खळखळून हसली. बाबांनी तेवढ्यात खटका दाबला. तो अकरावा फोटो. बारावा आम्हा सगळ्यांचा.

रोल संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात सगळे झोपलेले. मला काही राहवेना. आजी कशी हसली ते बघायचंच होतं. मी खिडकीत बसले आणि कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं.

आत आजी नव्हती. नुसती एक कागदाची गुंडाळी. मी ती हातभर ओढून पाहिली. कागदाला चिकटून एक राखाडी पट्टी होती, तिच्यावर काहीच नव्हतं. मी घाबरून सगळं परत गुंडाळलं, झाकण लावलं आणि कोणाला काही बोलले नाही.

पट्टीवर काय असतं?

आता ती पट्टी कोरी का दिसली, ते बघू. रोलच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे अगदी बारीक कण असतात. या क्षारांना उजेड सहन होत नाही. जिथे उजेड पडतो तिथले कण आतून बदलतात. पण हा बदल डोळ्यांना दिसत नाही बरं का! फोटो तिथे असतो, पण लपलेला असतो. तो बाहेर आणायला औषधं लागतात.

कॅमेऱ्याचं काम एवढंच, की लागेल तितकाच उजेड, लागेल तितकाच वेळ पट्टीवर पडू द्यायचा. त्यासाठी दोन गोष्टी असतात. एक भिंगामागचं छिद्र आणि दुसरा उघडझाप करणारा पडदा. छिद्र मोठं तर उजेड जास्त. पडदा जास्त वेळ उघडा तरीही उजेड जास्त. नळाखाली बादली भरण्यासारखंच आहे हे. नळ मोठा सोडा नाहीतर जास्त वेळ सोडा.

मी काय केलं? जिथे सेकंदाचा छोटासा तुकडा पुरतो, तिथे दुपारचा लख्ख उजेड मिनिटभर ओतला. बादली वाहून गेली!

बाथरूममधली अंधारखोली

बाबा रोल दुकानात धुवायला टाकत नसत, घरीच धूत. रात्री सगळ्यांच्या आंघोळी-पांघोळी आटोपल्या की बाथरूमची व्हायची अंधारखोली. झरोक्याला पुठ्ठा, दाराच्या फटीला जुनी गोधडी. आत मिट्ट काळोख. रोल कॅमेऱ्यातून काढून एका खाचांच्या चक्रीवर गुंडाळायचा आणि झाकणाच्या डब्यात बंद करायचा. हे सगळं चाचपून, कारण या वेळी लाल दिवासुद्धा चालत नाही. एकदा डबा बंद झाला, की मग दिवा लावता येतो.

पुढे चार पायऱ्या. पहिलं औषध डेव्हलपर. ज्या कणांवर उजेड पडला होता, त्यांची यात खरीखुरी चांदी होते. ती इतकी बारीक असते की चमकत नाही, काळी दिसते. मग पाण्याने खळबळायचं. नंतर दुसरं औषध हायपो. ज्या कणांवर उजेड पडलाच नाही, ते यात विरघळून निघून जातात. म्हणजे आता उजेड लागला तरी चित्र बिघडत नाही. शेवटी भरपूर स्वच्छ पाणी.

मुंबईकरांची यात एक खास अडचण असते. डेव्हलपर साधारण २० अंश सेल्सिअसला वापरावं असं सांगतात. आपल्या नळाचं पाणी मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास! गरम पाण्यात औषध भराभर काम करतं आणि चित्र जास्त काळं होतं. म्हणून बाबा बादलीत बर्फ टाकून त्यात औषधाची बाटली उभी करायचे आणि थर्मामीटर बघत बसायचे. शेवटच्या धुण्याचं पाणी आधीच पिंपात भरून ठेवलेलं असायचं, कारण रात्री नळाला थेंब नसायचा.

त्या रात्री बाबांनी मला आत बोलावलं. डब्यातून ओली पट्टी काढून दिव्यासमोर धरली. पहिली चार चौकटी छान उमटली होती. पाचवीच्या कडेला काळा डाग होता. आणि पुढे? सहावीपासून बारावीपर्यंत पट्टी काळी ठिक्कर.

बाबा म्हणाले, "हे काय झालं? कॅमेऱ्यात उजेड कुठून शिरला?"

मी रडायलाच लागले. रडत रडत सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेला तो फोटो आता येत नाही. पण तो का गेला, ते तुला नीट कळलं पाहिजे. इकडे ये."

आणि तिथेच माझा पहिला धडा सुरू झाला. पहिले चार फोटो का वाचले? कारण काढलेले फोटो एकावर एक गुंडाळले जातात. पहिले फोटो सगळ्यात आत असतात. वरच्या कागदाने त्यांना झाकलं होतं. जेवढं मी ओढलं, तेवढंच गेलं.

वाचलेल्या पहिल्या चौकटीत आजी तांदूळ निवडत होती. पण ती निगेटिव्ह होती, म्हणजे सगळं उलटं. आजीचं गडद लुगडं पांढरं आणि आजीचे पांढरेशुभ्र केस काळे! तुम्ही म्हणाल, असं कसं? विचार करा. पांढऱ्या केसांवरून जास्त उजेड आला, म्हणून तिथे जास्त चांदी जमली. म्हणजे निगेटिव्हमधले आजीचे केस खऱ्या चांदीचे होते.

मग झिरोच्या लाल दिव्यात बाबांनी ती निगेटिव्ह फोटोच्या कागदावर ठेवली, वर काच दाबली आणि साधा दिवा काही सेकंद लावून बंद केला. कागद औषधात टाकला. आधी नुसता पांढरा. मग एक सावली. मग सूप, मग हात, मग आजी! उलट्याचं पुन्हा उलटं झालं होतं. फोटो पट्टीवरच्या चौकटीएवढाच, जेमतेम सहा सेंटिमीटरचा, पण स्वच्छ.

वाया गेलेली काळी पट्टी बाबांनी फेकली नाही. सुट्टीभर मी तीच पट्टी डोळ्यांना रुमाल बांधून चक्रीवर गुंडाळायला शिकले. आंधळी कोशिंबीरच ती! पन्नास वेळा चुकले असेन. एकावन्नाव्या वेळी बसली.

मुंबईची जुनी आवड

छायाचित्रण मुंबईला नवं नाही. फोटो काढण्याची कला १८३९ साली जगासमोर आली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढला.

दादासाहेब फाळके तर तुम्हाला माहीतच आहेत. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याआधी १९१२ साली त्यांनी एका रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने टिपून छोटीशी फिल्म केली. कसलं रोप होतं? वाटाण्याचं! त्या काळी फिल्मच्या कडेची भोकंही घरी पाडावी लागत. ती पाडण्याचं आणि फिल्म धुण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या.

आणि होमाई व्यारावाला! जन्म १९१३. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांना ओळखतात. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या, माणेकशॉ यांच्या नावाने छापून येत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांनी टिपलेले स्वातंत्र्याच्या काळातले प्रसंग कृष्णधवलच आहेत.

आपल्या देशात रोलही बनत. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. उटीच्या तिच्या कारखान्यात 'इंदू' नावाचा कृष्णधवल रोल तयार होई. इंदू म्हणजे चंद्र. तो कारखाना आता बंद पडला आहे, पण परदेशी रोल अजून मिळतात आणि हौशी मंडळी ते वापरतात.

तुम्ही काय करून बघाल?

१. घरातली भिंत. दुपारी खोलीची दारं-खिडक्या बंद करून, खिडकीवर पुठ्ठा लावून त्याला पेन्सिलीएवढं भोक पाडा. बाहेर कडक ऊन हवं. समोरच्या भिंतीवर रस्ता दिसेल, पण उलटा! घाटकोपरच्या आमच्या शाळेत आम्ही हे केलं, तेव्हा छपरावर धावणारी रिक्षा बघून चौथीचा वर्ग टाळ्या पिटत होता. उजेड सरळ रेषेत जातो. वरचा किरण भोकातून खाली जातो आणि खालचा वर, म्हणून चित्र उलटं.

२. खोक्याचा कॅमेरा. बुटांच्या खोक्याच्या एका बाजूला सुईने भोक पाडा. समोरची बाजू कापून तिथे ट्रेसिंग पेपर लावा. डोक्यावर जाड चादर घेऊन बघा. रोल नको, खर्च नको.

३. रंग विसरून बघा. लाल जास्वंद आणि तिची हिरवी पानं कृष्णधवल फोटोत जवळजवळ एकाच राखाडी रंगाची येऊ शकतात. मग फूल वेगळं कसं दिसणार? उजेड-सावलीने. फूल उन्हात आणि पानं सावलीत असतील तेव्हाच फोटो काढा. बाबा म्हणायचे, "आधी उजेड बघ, मग माणूस बघ." भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी खिडकीजवळ बसवा, चेहरा कसा खुलतो ते बघा.

४. घरात जुना कॅमेरा असेल तर. छिद्राचे आकडे बघा: ८, ११, १६. आकडा मोठा तर छिद्र लहान! गोंधळलात? अपूर्णांक आठवा. एक सोळांश हा एक अष्टमांशापेक्षा लहान ना? तसंच. रोलवर १०० लिहिलं असेल तर भर उन्हात छिद्र १६ वर आणि पडदा १२५ वर, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग. आभाळ भरून आलं तर छिद्र ८ वर. खटका दाबताना कोपर पोटाशी टेकवा आणि श्वास रोखा, म्हणजे हात हलणार नाही.

पालकांनाही दोन शब्द. रोल धुण्याची औषधं मुलांच्या एकट्याच्या हाती देऊ नका. हातमोजे घाला, खिडकी-पंख्याची सोय बघा आणि औषधांची भांडी स्वयंपाकघरात कधीही नेऊ नका. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नका. बाटलीत साठवून रोल धुणाऱ्या लॅबला द्या. आणि माळ्यावरचा कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवला असेल तर बाहेर काढा. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात भिंगावर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

हो, आजीचं सांगायचं राहिलं. त्या दिवाळीआधीच आजी गेली. तिचा हसरा फोटो आमच्याकडे एकही नाही. सुपात तांदूळ निवडणारी आजी मात्र आजही आमच्या भिंतीवर आहे. तो फोटो पाहिला की मला अकरावा फोटो आठवतो. पुढे मी शंभरेक रोल धुतले असतील, पण रोल गुंडाळून पूर्ण झाल्याशिवाय झाकणाला हात लावला नाही.

तुमच्या मोबाईलवर एक खेळ खेळून बघा. येत्या रविवारी दिवसभरात फक्त बाराच फोटो काढायचे. पुसायचे नाहीत, पुन्हा काढायचे नाहीत आणि रात्रीपर्यंत बघायचेही नाहीत. बारांपैकी एक आजीचा किंवा आजोबांचा असू द्या. जमलं तर हसतानाचा.