सांडपाण्यावर मासे पोसणारे जिवाणू

कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरांच्या पाणथळ भागात शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत सोडतात. या तळ्यांना तिथे 'भेरी' म्हणतात. पाण्यातील घाण कुजवून जिवाणू अमोनिया तयार करतात. तो वाढला तर माशांना घातक. पण दुसरे जिवाणू प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट बनवतात. या खतावर शेवाळ वाढते आणि शेवाळावर मासे. तळाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तिथले जिवाणू उरलेल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत परत पाठवतात.

२००२ मध्ये हा भाग रामसर यादीत आला. तरीही भराव टाकून तळी बुजवली गेली आहेत. तळे बुजले की फुकटात पाणी शुद्ध करणारे हे इवलेसे कामगार तर जातातच, शिवाय मासळीवर जगणाऱ्या कुटुंबांची रोजीरोटीही जाते.