डोंगरी रस्त्यांच्या नियोजनातील परिभाषा : उत्तराखंडाचे उदाहरण

रस्त्यांचे नियोजन हा स्थापत्यशास्त्राचा विषय मानला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु कोणताही रस्ता जमिनीवर उतरण्यापूर्वी कागदावर शब्दांत मांडावा लागतो. ‘रुंदी’, ‘प्रकल्प’, ‘उतार’, ‘वाहतूक’ ह्या शब्दांना त्या कागदावर जो अर्थ दिला जातो, त्यावरून पुढे किती डोंगर कापला जाणार हे बऱ्याच अंशी ठरते. भाषेच्या अभ्यासकास ह्या विषयात काही बोलण्याचा अधिकार असेल, तर तो एवढ्यापुरताच. प्रस्तुत लेखात उत्तराखंडातील चारधाम महामार्ग प्रकल्पाच्या आधारे ह्या परिभाषेचा विचार करावयाचा आहे.

यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ व बदरीनाथ ह्या चार क्षेत्रांकडे जाणारे रस्ते, आणि त्यांच्या जोडीला टनकपूर–पिथोरागढ हा मार्ग, असे सुमारे ८८९ किलोमीटरचे रस्ते रुंद करण्याच्या ह्या योजनेचा आरंभ डिसेंबर २०१६ मध्ये झाला. तिच्यामागील गरज खोटी नव्हती. २०२३ च्या एका यात्राकाळात यात्रेकरूंची संख्या ५० लाखांच्या पुढे गेली. डोंगरातील गावांना दवाखाना, बाजार व शाळा गाठण्यास रस्ताच आधार असतो, आणि ह्यांपैकी काही मार्ग चीनच्या सीमेकडे जाणारे असल्यामुळे सैन्यासही त्यांची आवश्यकता आहे. तेव्हा रस्ता हवा की नको, हा वाद नाही. तो कोणत्या मापाने मोजावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

१. रुंदी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या मार्च २०१८ च्या परिपत्रकाने डोंगरी रस्त्यांसाठी ५·५ मीटर रुंदीचा वाहनमार्ग सुचविला होता. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या व रवी चोप्रा ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीत ह्याच मुद्द्यावर मतभेद झाला. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाने ५·५ मीटरचे माप ग्राह्य धरले. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालयाने आपल्या परिपत्रकात दुरुस्ती करून, सीमेकडे जाणाऱ्या सामरिक महत्त्वाच्या रस्त्यांसाठी ७ मीटरचा वाहनमार्ग व दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरची फरसबंद कड, म्हणजे एकूण १० मीटर, असे माप ठरविले. १४ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने संरक्षणाची गरज मान्य करून सामरिक मार्गांसाठी हे वाढीव माप मंजूर केले, आणि पर्यावरणविषयक शिफारशींच्या पालनावर देखरेख ठेवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती अर्जनकुमार सीकरी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

साडेपाचाचे दहा झाले, म्हणजे रुंदी दुपटीहूनही कमी वाढली, असे कानांना वाटते. ‘रुंदी’ हा शब्द सपाटीवरचा आहे. डोंगरात मात्र रुंदी वाढली की उंचीही वाढते. सोयीसाठी असे धरू की उतार ४५ अंशांचा आहे, डोंगराची बाजू उभी कापली आहे आणि सबंध रस्ता खोदाईतच बसविला आहे. मग खोदाईचा छेद हा काटकोन त्रिकोण होतो, व त्याची उंची रुंदीइतकीच असते. ५·५ मीटर रुंदीस दर मीटर लांबीमागे सुमारे १५ घनमीटर खोदाई लागते. १० मीटर रुंदीस ती ५० घनमीटर होते. रुंदी १·८ पट, पण खोदाई ३·३ पट. उतार वा कापाचा कोन निराळा धरला, तरी हे प्रमाण बदलत नाही, कारण समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळे बाजूंच्या वर्गांच्या प्रमाणात असतात. शिवाय उघडा पडलेला उभा काप जितका उंच, तितका तो सांभाळण्यास कठीण. आणि निघालेला राडारोडा टाकावयाचा तो खाली नदीच्याच बाजूस.

२. प्रकल्प. शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या महामार्गांच्या रुंदीकरणास, त्यासाठी घ्यावयाची जागा ठराविक मर्यादेपलीकडे जात असल्यास, पर्यावरणावरील परिणामांचा पूर्व-अभ्यास आवश्यक असतो. चारधाम योजना ५३ कामांत विभागण्यात आली आणि प्रत्येक काम शंभर किलोमीटरांहून लहान राहिले. व्याकरणदृष्ट्या पाहिले तर हा केवळ एकवचन-अनेकवचनाचा भेद आहे. परंतु नदीच्या खोऱ्याला अनेकवचन नसते. वरच्या कामाचा राडारोडा खालच्या कामाच्या हद्दीत येतोच. ५३ निरनिराळ्या अहवालांत त्या सर्वांचा एकत्रित परिणाम मात्र कोठेच येत नाही.

३. उतार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या रूढ वर्गीकरणात आडवा उतार २५ ते ६० टक्के असल्यास भूभाग ‘डोंगराळ’, व त्याहून अधिक असल्यास ‘तीव्र उताराचा’ समजला जातो. हे वर्गीकरण कोनाचे आहे; उतार कशाचा बनला आहे, ते त्यातून कळत नाही. जोशीमठ हे गाव भूस्खलनाच्या जुन्या राशीवर वसलेले आहे, हे १९७६ मध्येच मिश्रा समितीने सांगितले होते व तेथील अवजड बांधकामाविषयी इशारा दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये त्या गावातील शेकडो घरांना तडे गेले. मराठीत आपण अशा बहुतेक घटनांस ‘दरड कोसळली’ असे सरसकट म्हणतो. परंतु खडक निखळून पडणे, चिखल-दगडांचा लोट येणे आणि जमीन हळूहळू खचणे ह्या तीन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीस जाळी व खिळे उपयोगी पडतात, दुसरीस ओढ्यांच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात. तिसरीवर बहुधा एकच उपाय असतो, तेथे भार न टाकणे. एका शब्दाने तिन्हींची बोळवण केली, की उपायही एकच सुचतो.

४. वाहतूक. रस्त्याची क्षमता ‘प्रवासी मोटार’ ह्या एककात मोजण्याचा प्रघात आहे. त्यात एक बस साधारणपणे तीन मोटारींच्या बरोबरीची धरली जाते. चाळीस माणसे चारचारांच्या मोटारींतून निघाली तर दहा एकके होतात. तीच बसमधून निघाली तर तीन. म्हणजे वाहने मोजली की उत्तर ‘रुंदीकरण’ येते, आणि माणसे मोजली की ‘बस’. केदारनाथच्या वाटेवर ह्याचे उदाहरण आहे. यात्रेकरूंच्या खासगी गाड्या सोनप्रयागच्या अलीकडेच थांबवून गौरीकुंडापर्यंत सामायिक जीपगाड्या चालविल्या जातात. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या १२·९ किलोमीटरच्या सोनप्रयाग–केदारनाथ रज्जुमार्गाची क्षमताही ताशी एका दिशेने १,८०० माणसे अशीच मोजलेली आहे. सुमारे १२५ किलोमीटरचा ऋषिकेश–कर्णप्रयाग लोहमार्ग बहुतांशी बोगद्यांतून आखलेला आहे. अर्थात ही साधने निर्धोक आहेत असे नव्हे. यमुनोत्री मार्गावरील सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी अडकलेले ४१ कामगार सतराव्या दिवशी बाहेर आले. शिवाय माणसे सुखाने पोहोचली, तरी टोकाच्या अरुंद दरीत एका वेळी किती माणसे मावतील हा प्रश्न उरतोच. मार्गाची क्षमता आणि स्थळाची धारणक्षमता ह्या दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

ह्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. तोच रस्ता ‘तीर्थमार्ग’ म्हटला की एका रुंदीचा होतो, ‘सामरिक मार्ग’ म्हटला की दुसऱ्या रुंदीचा. प्रयोजनानुसार माप बदलणे गैर नाही. देशाचे संरक्षण हे प्रयोजन तर निःसंशय मोठे आहे. परंतु नाव बदलल्याने उताराची सहनशक्ती बदलत नाही, आणि रस्ता खचला तर सैन्याचाही मार्ग खुंटतो. म्हणून डोंगरी भागात खोरे हे नियोजनाचे एकक धरावे, रुंदीबरोबर खोदाईचे घनमान व कापाची उंची नोंदवावी, उताराच्या कोनासोबत त्याचे द्रव्य सांगावे आणि वाहनांबरोबर माणसे मोजावीत. ह्या चार नोंदींना वेगळे यंत्र लागत नाही. अहवालाच्या नमुन्यात चार रकाने वाढवावे लागतात. निर्णय कोणताही होवो, त्याची खरी किंमत तो घेणाऱ्यांस आधी वाचता आली पाहिजे, एवढीच परिभाषेकडून अपेक्षा आहे.