हळदीचा लेप आणि प्रयोगशाळेचा अहवाल

यंत्रमागावर बोट सापडले किंवा पत्रा कापताना तळहात चिरला, तर आपल्या कारखान्यांत पहिला हात जातो हळदीच्या डब्याकडे, दुसरा अत्ताराच्या दुकानातील मरहमच्या डबीकडे. डॉक्टरचा नंबर तिसरा. (धनुर्वाताच्या इंजेक्शनचा कंटाळा मात्र कुणी करू नये, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.) हीच घरगुती हळद एकदा अमेरिकेत पेटंट होऊन बसली होती, ही गोष्ट मरहम, तेल, चूर्ण यांची तिजारत करणाऱ्या बांधवांनी नीट समजून घेण्यासारखी आहे.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कचेरीने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे! १९९६ साली आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्याला आव्हान दिले. ‘आमची आजी लावायची’ एवढ्यावर तिथे भागत नाही, कागद लागतो. संस्थेने ३२ संदर्भ पुढे ठेवले. त्यांत संस्कृत व हिंदीबरोबर उर्दू मजकूरही होता आणि भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक लेखही. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले. ज्या उर्दू तिब्बी किताबा आपण माळ्यावर वाळवीच्या हवाली केल्या, तशाच कागदांनी हा खटला जिंकायला हात दिला. पुढे २००१ पासून आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतील नुस्खे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत नोंदवण्याचे काम सुरू झाले, ते याच अनुभवातून.

आमच्या परिचयाचे एक मरहमवाले चाचा आहेत. राळ, मेण, तिळाचे तेल, हळद असा तीन पिढ्यांचा नुस्खा. एका घाऊक व्यापाऱ्याने त्यांच्याकडे चाचणीचा अहवाल मागितला. चाचा म्हणाले, “नुस्खा लॅबला दिला, तर माझ्याकडे उरले काय?” भीती खोटी नाही. पण आपल्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने परंपरागत ज्ञानाला पेटंट मिळत नाही, म्हणजे चाचांना नाही तसे दुसऱ्यालाही नाही. चाचांची खरी मिळकत डबीवरचे नाव. ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते. नमुना देताना गुप्ततेचा लेखी करार करावा.

आता चाचणी होते कशी? आधी वनस्पतीचा अर्क काढतात, पाण्यात वेगळा आणि अल्कोहोलमध्ये वेगळा. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून हा फरक महत्त्वाचा. मग नीतिसमितीच्या परवानगीने, भूल देऊन, उंदरांच्या पाठीवर ठरावीक मापाची जखम करतात. दर थोड्या दिवसांनी पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवून क्षेत्रफळ मोजतात. दुसऱ्या प्रकारात सरळ छेद घेऊन टाके घालतात आणि सुमारे दहाव्या दिवशी सांधलेली कातडी किती ताण सोसते ते पाहतात. नव्या पेशीजालात हायड्रॉक्सिप्रोलिन किती, हेही तपासतात. त्यावरून कोलॅजन किती तयार झाले ते कळते.

सगळ्यात कळीची गोष्ट म्हणजे गट. एका गटाला काहीच नाही, एकाला नेहमीचे डॉक्टरी मलम, एकाला अर्क घातलेले मलम आणि एकाला अर्काशिवाय नुसते मेण-तेल. हा शेवटचा गट वगळून ‘आमचे औषध गुणकारी’ म्हणणे म्हणजे काटा न पाहता तोलणे. मेण-तेलाने जखम ओलसर राहते आणि तेवढ्यानेही ती लवकर भरू शकते. मग श्रेय हळदीचे की मेणाचे? शिवाय उंदराची सैल कातडी आकसून जखम बंद होते, माणसाची बरीचशी नव्या कातडीने भरते. म्हणून उंदरावरचा चांगला निकाल ही माणसासाठी हमी नव्हे. मधुमेही माणसाच्या पायाची जखम तर मरहमच्या भरवशावर ठेवूच नये.

औषध बनवून विकायचे तर १९४० च्या औषध कायद्याखाली उत्पादन परवाना लागतो, युनानीलाही. नुस्खा कायद्याच्या यादीतील ग्रंथात असेल, उदाहरणार्थ ‘बयाज-ए-कबीर’मध्ये, तर वाट सोपी. स्वतःच्या नावाचे वेगळे मिश्रण असेल तर २०१० पासून सुरक्षिततेचा व परिणामाचा पुरावा देण्याचे नियम आहेत.

चाचांनी शेवटी नमुना पाठवला. उंदरांपर्यंत गोष्ट गेलीच नाही! पहिल्याच तपासणीत शिसे निघाले. राळ शुद्ध, मेण शुद्ध, दोष हळदीत. बाजारातून सुटी, चकचकीत पिवळी पूड घेतली जात होती आणि रंग खुलवण्यासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळण्याची लबाडी जुनीच आहे. उघड्या जखमेवर चाचा नकळत ते लावायला देत होते. त्या घाणीतला उरलेला माल त्यांनी फेकून दिला, नुकसान सोसले. आता ते सांगलीहून हळकुंडे मागवतात, फोडून आतला रंग पाहतात, घरच्या चक्कीवर दळतात आणि प्रत्येक खेपेचा नमुना तपासायला पाठवतात. डबीमागे खर्च वाढला आहे. घाऊक व्यापाऱ्याने वाढीव भाव अजून कबूल केलेला नाही.