उसाच्या पानाला धार कशासाठी?

श्रावणात उसाचा पाला काढायला शिरलेल्या बाया अंगात नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्या-कानांवरून फडके घट्ट गुंडाळतात. तरी संध्याकाळी मनगटावर, मानेवर बारीक ओरखडे उठलेले असतातच. घाम लागला की ते झोंबतात. करवीर असो, पन्हाळा असो की कागल, उसात राबणाऱ्या प्रत्येकाला ही धार ठाऊक आहे. उसाच्या पानाच्या कडेला डोळ्यांना सहज न दिसणारे दाते असतात आणि ते सिलिकेमुळे कठीण झालेले असतात. वाळू ज्या पदार्थाची बनते तोच हा पदार्थ.

ऊस मातीतून सिलिकॉन भरपूर उचलतो. पाण्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल मुळांवाटे वर चढते, पानांतून पाणी उडून जाते आणि मागे राहिलेली सिलिका पेशींच्या भिंतींत साचत जाते. एका हेक्टरातल्या उसात काहीशे किलो सिलिकॉन असू शकते. इतका खटाटोप पीक उगाच करत नाही. दक्षिण आफ्रिकेतील ऊस संशोधन संस्थेत कीपिंग आणि मेयर या संशोधकांनी तिथल्या एल्डाना नावाच्या खोडकिड्यावर प्रयोग केले. कॅल्शियम सिलिकेट दिलेल्या उसात अळीने केलेले नुकसान घटले, आणि किडीला लवकर बळी पडणाऱ्या वाणांना त्याचा फायदा जास्त झाला.

कोल्हापुरात ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण या शहराची पेठच उसावर उभी राहिली. १८९१ मध्ये रेल्वे कोल्हापुरात पोचली आणि १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढे गुळाचे मोठे सौदे शाहू मार्केट यार्डात गेले, गुऱ्हाळे कमी होऊन साखर कारखाने वाढले, २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. या सव्वाशे वर्षांत उसाच्या उताऱ्यावर आणि दरावर जितके बोलले गेले, त्याच्या शतांशानेही ऊस स्वतःला कसा जपतो यावर बोलले गेले नाही. कीड दिसली की दुकानात जाऊन औषध आणायचे, एवढाच आपला संबंध.

वनस्पतीला पळता येत नाही. माणसाच्या रक्तात रोगजंतूंचा माग काढत फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. झाडात तसे कुणी फिरत नाही. त्यामुळे झाडाची प्रत्येक पेशी स्वतःच पहारा देते. बुरशीच्या अंगातले कायटिन, जिवाणूच्या शेपटीतले प्रथिन अशा खुणा ओळखणारे ग्राहक तिच्या पृष्ठभागावर असतात. खूण पटली की पेशीची भिंत जाड होऊ लागते, विषारी रसायने तयार होतात आणि वेळ पडली तर शत्रू शिरलेली पेशी आपणहून मरते. आजूबाजूच्या चार पेशी मेल्या की जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशीची उपासमार होते. पानावर दिसणारा टाचणीच्या टोकाएवढा करडा ठिपका पुष्कळदा अशा बलिदानाची खूण असतो.

उसात ही झुंज उघड्या डोळ्यांनी पाहता येते. लाल कूज झालेला ऊस उभा चिरला की आतला गर तांबडाभडक दिसतो, मध्ये आडवे पांढरे पट्टे असतात आणि आंबूस, दारूसारखा वास येतो. जावामध्ये १८९३ साली या रोगाच्या बुरशीचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. ही बुरशी साखर फोडते, म्हणून असल्या उसाच्या रसाचा गूळ नीट बसत नाही. पण तो तांबडा रंग बुरशीचा नव्हे, उसाचा आहे. बुरशी शिरल्यावर ऊस जी संरक्षक द्रव्ये तयार करतो त्यांत तांबूस रंगाचे घटक असतात. कोईमतूरच्या ऊस पैदास संस्थेतील संशोधकांनी नव्वदच्या दशकात ही द्रव्ये वेगळी काढून तपासली. प्रतिकारक वाणांत ती अधिक प्रमाणात तयार होत होती. चांगल्या वाणात लाली बुरशी टोचलेल्या जागेपाशीच अडते. कमकुवत वाणात ती कांड्यामागून कांडी ओलांडत जाते, कारण बुरशी पुढे आणि उसाचा बंदोबस्त मागे असा प्रकार होतो.

हाच प्रकार ज्वारीत होतो. ज्वारीच्या पानाला इजा झाली, बुरशी लागली की तांबूस-जांभळे डाग पडतात. तेही याच कुळातील द्रव्यांचे. आपण त्याला सरसकट रोग म्हणतो. बरेचदा तो झाडाने रोगाला दिलेला जबाब असतो.

कोवळ्या ज्वारीकडे तर याहून जालीम उपाय आहे. तिच्या पानांत धुरिन नावाचे द्रव्य असते आणि ते फोडणारे विकर वेगळ्या जागी ठेवलेले असते. पान चावले गेले की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड मोकळे होते. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते ते यामुळेच. मोठी झाल्यावर हे प्रमाण उतरते, म्हणून कडबा बिनघोर घालता येतो. जिथे जीव सर्वांत नाजूक, तिथेच विषाचा साठा अधिक ठेवायचा, हा हिशेब पुष्कळ वनस्पतींत दिसतो.

पुन्हा उसाकडे येऊ. खोडकिड्याची अळी उसाला भोक पाडते आणि त्या भोकातून बुरशी आत जाते. शेतात कीड आणि रोग अशा जोडीनेच येतात. ब्राझीलमधील संशोधकांना असे आढळले, की अळीने पोखरायला सुरुवात केली की ऊस जखमेपाशी शुगरविन नावाची प्रथिने तयार करतो. ही प्रथिने अळीला खाऊ घातली तर तिच्या वाढीवर काहीच परिणाम होत नाही. मग ती कशासाठी? उत्तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून मिळाले: यातल्या शुगरविन-२ ने लाल कुजेच्या बुरशीच्या पेशी मरतात आणि निरुपद्रवी बुरशींना धक्काही लागत नाही. म्हणजे अळी आली याचा अर्थ तिच्यामागून बुरशी येणार, हे उसाच्या घडणीतच लिहिलेले आहे. ज्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, अशा पिकाने ही तयारी करावी, याचे नवल कितीही केले तरी थोडेच.

लागणीनंतरच्या पहिल्या महिन्यांत खोडकिडा मधला कोंब कुरतडतो आणि पोंगा मरतो. तेव्हा ऊस बुडातून नवे फुटवे काढतो. मार सोसून उभे राहणे हाही संरक्षणाचाच भाग, आणि वेळेवर भर लावणारा शेतकरी त्याला मदतच करत असतो.

कोल्हापूरच्या दक्षिणेला निपाणी आहे, तंबाखूची जुनी बाजारपेठ. तंबाखूचे झाड निकोटिन मुळांत तयार करते आणि वर पानांत पाठवते. पाने कुरतडली गेली की उत्पादन वाढवते. किडीच्या मज्जासंस्थेवर त्याचा आघात होतो. वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीबद्दलचा एक मोठा शोधही तंबाखूवरच लागला. अमेरिकेत १९६१ मध्ये ए. एफ. रॉस यांनी दाखवून दिले, की तंबाखूच्या खालच्या पानाला विषाणूची लागण झाली की काही दिवसांनी वरची, निरोगी पानेही त्या विषाणूला दाद देईनाशी होतात. खालून वर संदेश गेलेला असतो. या संदेशव्यवस्थेत सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा आहे. अ‍ॅस्पिरिनची गोळी ज्यापासून बनते ते हेच.

त्याच रस्त्याने पुढे गेले की संकेश्वर, मिरचीचे गाव. तांबड्या रश्शाला ज्याच्यामुळे जाळ येतो ते कॅप्साइसिन मिरचीने माणसासाठी बनवलेले नाही. बोलिव्हियातील रानमिरच्यांवर जोशुआ ट्यूक्सबरी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे ढेकण्यांच्या जातीचे कीटक फळाला सोंड खुपसतात आणि त्या छिद्रातून फ्युजेरियम बुरशी बियांपर्यंत पोचते. जिथे असे कीटक अधिक, तिथल्या मिरच्या अधिक तिखट निघाल्या. कॅप्साइसिन बियांना बुरशीपासून वाचवते. फळे खाऊन बी पसरवणाऱ्या पक्ष्यांना मात्र ते झोंबत नाही.

एवढी शस्त्रे असताना पिके किडीने जातातच कशी? कारण कीडही थांबलेली नसते. हरभऱ्याचे उदाहरण पाहावे. त्याच्या पानांवरच्या लवेतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते; पहाटे दवात धोतर किंवा फडके फिरवून गोळा करतात ती हीच आंब. ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ खुंटते. शिवाय हरभऱ्याच्या दाण्यात अळीचे पचन बिघडवणारी प्रथिने असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले, की घाटेअळीच्या आतड्यातील विकरे हीच प्रथिने निकामी करतात. हरभऱ्याचे हत्यार तिने बोथट केलेले होते. हुमणीची गोष्टही तशीच. कडुलिंब कडू, कीटकनाशक म्हणून त्याची ख्याती. पण वळवाच्या पहिल्या सरींनंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमतात ते कडुलिंब-बाभळीवरच, आणि त्यांचीच पाने खातात. पुढे त्यांच्या अळ्या उसाची मुळे फस्त करतात. जमिनीखालच्या या हल्ल्यापुढे उसाची धारदार पाने काही करू शकत नाहीत. म्हणून मे-जूनमध्ये गावाने मिळून त्या झाडांवरचे भुंगेरे गोळा करून नष्ट करणे हाच भरवशाचा उपाय राहतो.

जिथे स्वतःचे बळ पुरत नाही, तिथे झाडे बाहेरून मदत मिळवतात. टेड टर्लिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मक्यावर हे सिद्ध केले. अळीने पान खाल्ले की मका विशिष्ट वास सोडतो आणि त्या वासाने अळीत अंडी घालणारी परजीवी माशी येते. पान नुसते खरवडले तर तसा वास सुटत नाही. जखमेवर अळीच्या तोंडातला स्राव लावला की सुटतो.

मित्रकिडींचे मोल दक्षिण महाराष्ट्राने स्वतः अनुभवले आहे. २००२ च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता कोल्हापूर, साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंत पसरला. पानांच्या खालच्या बाजू पांढऱ्या झाल्या, माव्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून पाने काजळली. डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारा मारणार कसा? तेव्हा डिफा नावाच्या पतंगाची मावा खाणारी अळी आणि मायक्रोमस हा कीटक कामाला आले. संशोधन संस्था, कारखाने आणि शेतकऱ्यांनी ते वाढवले, शेतोशेती सोडले. पुढे एनकार्सिया ही परजीवी माशीही त्यांना येऊन मिळाली. काही वर्षांत मावा आटोक्यात आला. जिथे विषारी फवारे सपाटून मारले जातात तिथे आधी हे मित्रच मरतात, हे त्या साथीने शिकवले.

आजचा ऊस रोगांपुढे टिकतो तो रानगवताच्या कृपेने. पूर्वीचा पुंड्या ऊस जाड, मऊ, गोड, रोगांना नाजूक. कोईमतूरला बार्बर आणि वेंकटरामन यांनी १९१२ मध्ये जाड गोड उसाचा नदीनाल्यांकाठच्या कास गवताशी संकर घडवला आणि त्यातून को २०५ हा वाण जन्मला. पुढच्या वाणांतला काटकपणा, फुटव्यांचे बळ आणि रोगप्रतिकार यांचे मूळ त्या रानटी गवतात आहे. पण कुठल्याही वाणाचा प्रतिकार कायमचा नसतो. महाराष्ट्रावर राज्य केलेला को ७४० काणी रोगापुढे कच्चा ठरला. उत्तर प्रदेशात २००९ मध्ये प्रसारित झालेला को ०२३८ इतका लाडका झाला, की ऊसक्षेत्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग त्याने व्यापला. लाल कुजेच्या बुरशीची त्याला भेदणारी नवी जात पसरली आणि शेतेच्या शेते वाळली. एकच वाण सर्वत्र असला, की बुरशीला एकच कुलूप उघडावे लागते.

महाराष्ट्रात बऱ्याच वर्षांपासून को ८६०३२ चे वर्चस्व आहे. वाण चांगला आहे, यात शंका नाही. त्याच्यावर सगळा भार टाकणे मात्र चुकीचे आहे. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राने, पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने पारखलेले दुसरे वाण उपलब्ध आहेत, गुळासाठी को ९२००५ आहे. शेतकऱ्याने रानात किमान दोन वाण ठेवावेत. बेणे शेजाऱ्याच्या खोडव्यातून न आणता बेणेमळ्यातले दहा-अकरा महिन्यांचे, निरोगी घ्यावे आणि तीन-चार वर्षांनी बदलावे. युरियाचा हात आखडता घ्यावा, कारण नत्राने लुसलुशीत झालेले पान माव्याला आवडते. पाचट पेटवू नये. त्यातली सिलिका सरीत कुजवून मातीला परत द्यावी. आणि तोडणीच्या वेळी दहा-वीस ऊस उभे चिरून पाहावेत. आत लाली कांड्यांमागून कांडी गेलेली दिसली, तर त्या रानात खोडवा ठेवू नये.