पोलीस शिक्षण (महाराष्ट्र)

पोलीस सेवेशी संबंधित ज्ञान आणि कौशल्ये विद्यापीठीय पदवी, पदविका किंवा प्रमाणपत्राच्या स्वरूपात देणाऱ्या शिक्षणास पोलीस शिक्षण असे म्हणतात. पोलीस प्रशासन, गुन्हेगारीशास्त्र, न्यायसहायक विज्ञान, फौजदारी कायदा आणि अंतर्गत सुरक्षा हे त्यातील प्रमुख विषय होत. भरती झालेल्या उमेदवारास शासन जे देते ते पोलीस प्रशिक्षण, आणि भरतीपूर्वी किंवा नोकरीत असताना विद्यापीठातून जे घेतले जाते ते पोलीस शिक्षण. व्यवहारात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातूनच विद्यार्थ्यांचे अनेक गैरसमज होतात. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यासाठी पोलीसविषयक पदवीची अट नाही, तसेच अशी पदवी घेतल्याने थेट नियुक्तीही मिळत नाही.

पार्श्वभूमी

खानदेशात शिस्तबद्ध पोलीस दल उभारण्याचा सुरुवातीचा प्रयत्न १८२५ मध्ये झाला. जेम्स औट्रम या ब्रिटिश अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल तरुणांची पलटण उभी केली. कवायत, शस्त्रे आणि पगार देऊन स्थानिकांकडूनच प्रदेशाचा बंदोबस्त करून घ्यावा, अशी ही कल्पना होती. ज्यांच्याविरुद्ध कंपनी सरकार आधी लष्करी मोहिमा काढत होते, त्यांच्याच हाती हा बंदोबस्त सोपवला गेला. चाळीसगावहून कन्नडकडे जाणाऱ्या घाटास आजही औट्रम घाट म्हणतात. पलटणीत लेखी अभ्यासाला स्थान नव्हते. जे काही शिकायचे ते कवायतीच्या मैदानावर.

१९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने प्रांतोप्रांती पोलीस प्रशिक्षण शाळा काढण्याची शिफारस केली. त्यानंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच मुंबई प्रांताची प्रशिक्षण संस्था नाशिक येथे आली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ही तिचीच पुढची अवस्था होय.

विद्यापीठे या क्षेत्रात उशिरा आली. अमेरिकेत बर्कले येथे ऑगस्ट व्होल्मर यांच्या पुढाकाराने १९१६ मध्येच पोलिसांसाठी विद्यापीठीय वर्ग सुरू झाले होते. भारतात सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग काढला. केंद्र शासनाने १९७१ मध्ये पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पोलीस अधिकाऱ्याकडे न देता समाजशास्त्रज्ञ प्रा. मा. स. गोरे यांच्याकडे दिले. गोरे हे त्या वेळी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक होते. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पोलिसास कायदा आणि कवायत यांच्या जोडीला समाज, मानवी वर्तन आणि जनसंपर्क यांचेही शिक्षण हवे, हा १९७३ च्या या अहवालाचा गाभा होता. २००० सालच्या पद्मनाभय्या समितीने त्यापुढे जाऊन दहावी उत्तीर्ण मुलांची निवड करावी, त्यांना दोन वर्षे शिकवावे आणि पदविका मिळाल्यावरच शिपाई म्हणून घ्यावे, असे सुचवले. महाराष्ट्राच्या भरती पद्धतीत हा बदल आला नाही.

महाराष्ट्रातील प्रवेशमार्ग

पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे आहे. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा १८ ते २८ वर्षे आणि मागास प्रवर्गांसाठी ३३ वर्षांपर्यंत आहे. उंची पुरुषांसाठी किमान १६५ सेंमी व महिलांसाठी १५५ सेंमी लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची असून पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर धावणे (१५ गुण) आणि गोळाफेक (१५ गुण) असे तिचे स्वरूप आहे. लेखी परीक्षा १०० गुणांची असते. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी हे तिचे विषय. गुन्हेगारीशास्त्राचा एकही स्वतंत्र घटक त्यात नाही. त्यामुळे तीन वर्षे पोलीस प्रशासन शिकलेला विद्यार्थी आणि इतिहासाचा पदवीधर या परीक्षेत एकाच पातळीवर उभे असतात. याउलट राष्ट्रीय छात्रसेनेच्या ‘सी’ प्रमाणपत्रधारकांना गुणांची सवलत मिळते.

पोलीस उपनिरीक्षक पदासाठी मात्र पदवी अनिवार्य आहे, परंतु ती कोणत्याही शाखेची चालते. या पदाची सरळसेवा निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोग करतो आणि निवड झालेल्यांना नाशिकच्या अकादमीत प्रशिक्षण मिळते. उपनिरीक्षकांची काही पदे खात्यातील कर्मचाऱ्यांसाठी मर्यादित विभागीय परीक्षेद्वारे भरण्याची तरतूद आहे. पदवीचा प्रत्यक्ष लाभ दिसतो तो येथे. या परीक्षेस बसण्यासाठी दहावी उत्तीर्ण कर्मचाऱ्यास सहा, बारावी उत्तीर्णास पाच आणि पदवीधरास चार वर्षांची सेवा लागते. ही परीक्षा दरवर्षी होतेच असे नाही, त्यामुळे एका वर्षाचा हा फरक काहींच्या बाबतीत अनेक वर्षांचा ठरू शकतो. पाळीच्या कामामुळे नियमित महाविद्यालय शक्य नसलेल्या कर्मचाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखी (स्थापना १९८९) दूरशिक्षण देणारी विद्यापीठे सोयीची पडतात.

चाळीसगाव आणि खानदेश

चाळीसगाव हा जळगाव जिल्ह्यातील तालुका असून येथील वरिष्ठ महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी (स्थापना १९९०) संलग्न आहेत. तालुक्यात पोलीसविषयक स्वतंत्र विद्यापीठ नाही. पोलीस सेवेकडे वळू इच्छिणारा येथील विद्यार्थी बहुधा कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेची सर्वसाधारण पदवी घेतो आणि पहाटे धावण्याचा सराव व दिवसा स्पर्धा परीक्षेची तयारी यांची सांगड घालतो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांत संरक्षणशास्त्र हा या क्षेत्राला जवळचा विषय आहे.

खानदेशात पोलीस प्रशिक्षणाचे केंद्र धुळे हे आहे. तेथे पोलीस प्रशिक्षण केंद्र तसेच राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ आहे. चाळीसगावहून धुळ्याला रेल्वेची स्वतंत्र शाखा जाते. न्यायसहायक विज्ञानाची पदवी घ्यायची असल्यास सर्वांत जवळची शासकीय संस्था घाटापलीकडे छत्रपती संभाजीनगर येथे आहे. मुंबई आणि नागपूर येथेही अशा शासकीय संस्था आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करण्यात आले असून त्यासाठी राज्यांना टप्प्याटप्प्याने मुदत दिली आहे. पोलीस शिक्षणाच्या सर्व शाखांत मनुष्यबळाची वाढती गरज कायद्यानेच निर्माण केलेली शाखा बहुधा हीच असावी.

पोलीसशास्त्रातील विशेष अभ्यासक्रमांसाठी खानदेशातील विद्यार्थ्यास गुजरातकडे पाहावे लागते. गांधीनगरजवळील लवाड येथील राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ हे मूळचे गुजरात शासनाचे रक्षा शक्ती विद्यापीठ (२००९) असून २०२० च्या संसदीय कायद्याने त्यास राष्ट्रीय दर्जा मिळाला. गुजरात पोलीस भरतीत या विद्यापीठाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना अतिरिक्त गुण देण्याची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रात तशी तरतूद नसल्याने येथील उमेदवारास परराज्यातील शुल्क व निवासाचा खर्च आणि वयोमर्यादेतून वजा होणारी वर्षे यांचा हिशेब आधीच मांडावा लागतो.

पदवीच्या अटीविषयी मतभेद

पोलिसास पदवी हवी की नको हा वाद भारतापुरता नाही. नॉर्वेत तीन वर्षांची पदवी हाच पोलीस सेवेचा नेहमीचा मार्ग आहे. इंग्लंड व वेल्समध्ये पोलीस महाविद्यालयाने पदवीशी जोडलेले प्रवेशमार्ग आणले. त्यामुळे अभ्यासाचा भार वाढतो आणि अनुभवी पण पदवी नसलेले उमेदवार दुरावतात, अशी टीका झाली. अखेर २०२४ मध्ये पदवीविना प्रवेशाचा नवा मार्ग खुला करण्यात आला. महाराष्ट्रातील स्थिती याच्या उलट आहे. अट बारावीची असली तरी शिपाई पदासाठी पदवीधर आणि पदव्युत्तर उमेदवारही मोठ्या संख्येने अर्ज करतात. पदवी सक्तीची केल्यास शहरातील उमेदवारांना फारसा फरक पडणार नाही. बारावीनंतर शेती किंवा मजुरी करत तयारी करणाऱ्या ग्रामीण व आदिवासी तरुणांना मात्र सरकारी नोकरीचे एक मोठे दार बंद होईल, असा आक्षेप घेता येतो. दुसरीकडे सायबर गुन्हे, महिला व बालकांविषयीचे कायदे आणि पुराव्याची शास्त्रीय हाताळणी हे सर्व शिपायाच्या सुमारे नऊ महिन्यांच्या मूलभूत प्रशिक्षणात कितपत बसते, हा प्रश्न कायम राहतो. भरतीनंतर सेवेतच टप्प्याटप्प्याने विद्यापीठीय पदविका देणे हा या दोहोंमधील पर्याय मानला जातो.