बाळगुटी : एका वेढ्यात औषध किती?

मंडळी, आज सहाणेकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी गुटी चाटलेली आहे. वेखंड, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा, मुरडशेंग, ज्येष्ठमध असं एकेक आईच्या दुधात उगाळायचं आणि बाळाला द्यायचं. (मुरडशेंग पिळवटलेली दिसते, म्हणून पोटातल्या मुरड्यावर. आपल्याकडे असंही चालतं!) माप काय? वेढे. आता बघा, आजीचा हात हलका, मावशीचा जड. वेढा एकच, पण उतरलेलं औषध सारखं नाही.

जायफळानं बाळ झोपतं, हे खरंच आहे. त्यात मिरिस्टिसिनसारखी द्रव्यं असतात, त्यांचा परिणाम मेंदूवर होतो. मोठ्या माणसानं दोन चमचे पूड खाल्ली तर तोंड कोरडं पडतं, धडधडतं, भ्रम होतो. श्रीखंडातली चिमूट वेगळी. पण तीन किलोच्या बाळाचं यकृत अशी द्रव्यं निकामी करायला अजून तयारच झालेलं नसतं. मग आपण ज्याला ‘छान झोपलंय’ म्हणतो, ती कधी गुंगी असू शकते.

वेखंडाची गोष्ट आणखी अवघड. त्यात बीटा-असारोन असतं. उंदरांना वेखंडाचं तेल दिल्यावर गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेनं 1968 साली खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. गंमत अशी, की तिथल्या मूळच्या वेखंडात हे द्रव्य जवळजवळ नसतंच. आपल्याकडच्यात भरपूर असतं. म्हणजे नाव एक, झाड तसंच, पण आतला माल निराळा.

आणि मध. एक वर्षाच्या आत अजिबात नको. त्यात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. आपण ते पचवतो, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात, आणि स्नायू लुळे पडू लागतात.

मघाशी एक काकू म्हणाल्या, “आमची चारही गुटीवरच वाढली.” वाढली, काकू. बहुतेक वाढतात. पण ज्यांचं बिघडलं, ते गुटीच्या खाती कुणी मांडलंच नाही.

पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं. तरी कुणी गुटी दिलीच, आणि बाळ दूध ओढेना, हाक मारून जागं होईना, तर थांबू नका. दवाखान्यात न्या, आणि सोबत गुटीचा डबा घेऊन जा. आत काय काय होतं ते डॉक्टरांना कळू दे.