ध्वनियंत्र आणि भिंतीतला सॉकेट

कुमार गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावावी आणि ऐन आलापीत स्पीकरमधून 'कर्र' असा आवाज यावा! दोष आपण अँप्लिफायरला देतो. पुष्कळदा तो भिंतीतल्या सॉकेटचा असतो.

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची. २०० वॅट घेणाऱ्या अँप्लिफायरला जेमतेम १ अँपियर प्रवाह लागतो. म्हणजे ६ अँपियरचा सॉकेट पुरेसा आहे. खरा प्रश्न पकडीचा. आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या की ठिणग्या उडतात व 'कर्र' ऐकू येते. शिवाय सांधा तापतो. सैल सांध्याचा रोध अर्धा ओहम धरला आणि त्याच सॉकेटमधून इस्त्रीचा ४ अँपियर प्रवाह गेला, तर तेथे ८ वॅट उष्णता निर्माण होते. प्लॅस्टिक काळे पडते ते यामुळेच.

दुसरी तक्रार सततच्या 'घूं'ची. जोडलेली दोन यंत्रे दूरदूरच्या सॉकेटांवर असली, की अर्थच्या तारांचे वेटोळे होऊन ५० हर्ट्झची घरघर शिरते. दोन्ही एकाच बोर्डावर लावून पाहावीत. काही जण अर्थची पिनच काढून टाकतात. घरघर थांबते, पण आत कधी तार सुटून धातूच्या पेटीला लागली, तर विजेला वाट उरते ती पेटीला हात लावणाऱ्याच्या देहातून. अर्थची पिन लांब असते ती प्रथम जुळावी व शेवटी सुटावी म्हणून.

तेव्हा सॉकेट घेताना आयएसआय चिन्ह पाहावे, पकड अजमावावी आणि अर्थची तार वायरमनकडून तपासून घ्यावी. सोन्याच्या मुलाम्याने गाणे गोड होत नाही.